वार्धक्यावरचं संशोधन आणि परदेशी प्रशिक्षण: सातारा-सांगलीतून सुरुवात करणाऱ्यांसाठी

तुम्ही कम्युनिटी मेडिसिन, नर्सिंग, फिजिओथेरपी, समाजकार्य किंवा लोकसंख्याशास्त्र शिकला आहात. मिरज, कराड, सातारा, सांगली, इस्लामपूर अशा एखाद्या ठिकाणी नोकरी करता किंवा पीएचडी करता. म्हाताऱ्या माणसांचं आरोग्य आणि त्यांना मिळणाऱ्या सेवा यांचा नीट अभ्यास करायचा आहे, त्यासाठी परदेशी विद्यापीठाबरोबर काम करायचं आहे, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. हा लेख तुमच्यासाठी आहे. मी या वाटेनं गेले आहे. इथून अर्ज केला, तिकडे शिकले आणि परत येऊन इथल्याच गावांत काम करते आहे. वाटेत जी माहिती तुकड्यातुकड्यांनी मिळाली, ती तुम्हाला एका जागी मिळावी अशी इच्छा आहे.

आधी देश, मग शिष्यवृत्ती, मग मार्गदर्शक आणि शेवटी विषय, असा बहुतेकांचा क्रम असतो. माझा अनुभव सांगतो की क्रम उलटा हवा. आपल्या तालुक्यातला प्रश्न आधी पक्का करा, भारतातल्या परवानग्यांचं काम लवकर सुरू करा, म्हणजे परदेशी भागीदार मिळणं आणि टिकणं दोन्ही सोपं जातं.

१. प्रश्न आपल्या गावातून घ्या

"ग्रामीण भागातील ज्येष्ठांच्या आरोग्य समस्या" हा प्रश्न नाही, मथळा आहे. असा विषय घेऊन येणारे शेकडो अर्ज तिकडच्या प्राध्यापकांकडे पडलेले असतात. त्यापेक्षा आजूबाजूला पाहा. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली किती तरी घरं सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी देशभर पांगली आहेत. पाटण, जावळीतले पुरुष पिढ्यानपिढ्या मुंबईला गिरणीत आणि माथाडीत गेले. मागं गावात आईवडील राहिले. मग प्रश्न असा मांडता येतो: विट्याकडच्या ज्या घरांतली मुलं परराज्यात आहेत, तिथल्या सत्तरीपुढच्या आईवडिलांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला कोण नेतं? नेणारं कुणी नसेल तर शस्त्रक्रिया किती लांबते? यात ठिकाण आहे, लोक आहेत, सेवा आहे आणि मोजता येईल अशी गोष्ट आहे. आरोग्यसेवा संशोधनाला नेमकं हेच लागतं. आजार किती आहे एवढ्यावर ते थांबत नाही. सेवा कुणापर्यंत पोचते, कुठे अडते आणि खर्च कुणाच्या खिशातून जातो, हे ते विचारतं.

माण-खटावच्या दुष्काळी गावांत वेगळे प्रश्न निघतील, कृष्णाकाठच्या पुराच्या गावांत वेगळे. २००५ आणि २०१९ च्या पुरात अंथरुणाला खिळलेल्या माणसांना घराबाहेर कसं काढलं, त्यांची रक्तदाबाची, साखरेची औषधं किती दिवस बंद राहिली, यावर पलूस किंवा मिरज तालुक्यातल्या कुठल्याही आशाताई तासभर बोलू शकतील. त्यांच्याशी बोला. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांशी बोला. वृद्धांसाठीचा राष्ट्रीय आरोग्यसेवा कार्यक्रम २०१०-११ पासून कागदावर आहे. तुमच्या केंद्रात त्यातलं प्रत्यक्ष काय चालतं, हे तुम्ही एका दुपारी पाहून येऊ शकता. परदेशी संशोधकाला ते दिसत नाही.

प्रश्न एका पानात लिहून काढा. हे पान पुढे प्रत्येक टप्प्यावर लागेल.

२. हाताशी असलेल्या डेटावर आधी काम करा

परदेशी जाण्याआधी घरबसल्या करता येणारी ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, आणि नवखे लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

लाँजिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया, म्हणजे 'लासी', हा आपल्या देशाचा वार्धक्यावरचा मोठा पाहणी अभ्यास. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, हार्वर्डची सार्वजनिक आरोग्य शाळा आणि युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया यांनी तो मिळून केला. पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली. तीत ४५ वर्षं व त्यापुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२,२५० जणांची माहिती घेतली गेली. यांपैकी ३१,४६४ जण साठीचे किंवा त्यापुढचे होते. अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. हा डेटा संशोधकांना विनाशुल्क मिळतो. नाव, संस्था आणि कशासाठी हवा ते लिहून फॉर्म भरावा लागतो. स्मृतिभ्रंशावरचा याचाच जोडअभ्यास 'लासी-डॅड' दिल्लीच्या एम्सच्या सहभागानं झाला. दोन्ही अभ्यासांचा डेटा इतर देशांच्या पाहण्यांशी ताडून पाहता येईल अशा रूपात 'गेटवे टू ग्लोबल एजिंग डेटा' इथे मिळतो. अमेरिकेची १९९२ पासून चाललेली हेल्थ अँड रिटायरमेंट स्टडी, इंग्लंडची 'एल्सा', युरोपची 'शेअर', चीनची 'चार्ल्स' या सगळ्या एकाच घराण्यातल्या पाहण्या आहेत. प्रश्नावल्या एकमेकींशी जुळवलेल्या असल्यामुळे महाराष्ट्रातल्या साठीपुढच्या बाईची तुलना चीनमधल्या बाईशी करता येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 'सेज' या वार्धक्य आणि प्रौढांच्या आरोग्यावरच्या अभ्यासातही भारतातून निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पुण्याजवळच्या वढू परिसरात केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरनं जी वर्षानुवर्षं लोकसंख्येची नोंद ठेवली आहे, तिच्यावरही असं काम झालं आहे. वढू तुमच्यापासून दूर नाही, तिथल्या लोकांचे लेख जरूर वाचा.

लासीतून महाराष्ट्राचा भाग वेगळा काढा, आपल्या प्रश्नाशी जुळणारे तीन-चार प्रश्न निवडा आणि साधी तक्ताबंदी करा. सॉफ्टवेअर म्हणून 'आर' शिका, ते मोफत आहे. इथे एक सापळा आहे: नमुना पाहणीत प्रत्येक व्यक्तीला ठरावीक भार, म्हणजे 'वेट', दिलेला असतो. तो न लावता काढलेली टक्केवारी चुकीची येते, आणि जाणकाराला हे पहिल्या तक्त्यातच दिसतं. दुसरा सापळा असा की लासी हा राज्याचा अंदाज देतो, जिल्ह्याचा देत नाही. त्यावरून "सांगलीतील इतके टक्के ज्येष्ठ" असं वाक्य लिहू नका.

संशोधनपद्धतीचा पाया कच्चा वाटत असेल तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा ऑनलाइन अभ्यासक्रम एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचावर आहे. शिकणं मोफत, परीक्षेला थोडं शुल्क. वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो एरवीही करावाच लागतो. ओआरसीआयडी, म्हणजे संशोधक म्हणून तुमची कायमची ओळख देणारा क्रमांक, मात्र आजच काढून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे.

३. भागीदारीचे प्रकार ओळखा

सगळ्याला सरसकट 'फेलोशिप' म्हणण्यानं फार गोंधळ होतो. ढोबळमानानं तीन वाटा आहेत.

पहिली वाट: पैसा तुमच्या नावावर येतो. भारत-अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू फेलोशिप यात मोडते. भारतातल्या विद्यापीठात पीएचडीला नोंदणी असेल तर डॉक्टरल रिसर्च प्रकारात ६ ते ९ महिने अमेरिकेत राहून काम करता येतं. ब्रिटनच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीतून एका वर्षाचं पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी परतण्याचं बंधन असतं. आयसीएमआर आणि केंद्र सरकारचा आरोग्य संशोधन विभाग यांच्याही परदेशी प्रशिक्षणाच्या योजना आहेत. सरकारी महाविद्यालयातल्या अध्यापकांनी त्या आधी पाहाव्यात, कारण रजेचा प्रश्न त्यात लवकर सुटतो.

दुसरी वाट: पैसा संस्थेला मिळतो, तुम्ही त्यात प्रशिक्षणार्थी होता. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचं (एनआयएच) फोगार्टी इंटरनॅशनल सेंटर १९६८ पासून हेच काम करतं. त्यांच्या 'डी-४३' अनुदानातून अमेरिकन विद्यापीठ आणि आपल्यासारख्या देशातली संस्था मिळून प्रशिक्षण कार्यक्रम चालवतात. वार्धक्यासाठी वेगळी नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग आहे, तिची स्थापना १९७४ ची. लासीला पैसा देणाऱ्यांत ती आहे. या वाटेवर व्यक्तीनं फोगार्टीकडे थेट अर्ज करायचा नसतो, आणि इथेच पुष्कळ जणांचे महिने वाया जातात. भारतातल्या कुठल्या संस्थेकडे असं अनुदान चालू आहे ते एनआयएचच्या 'रिपोर्टर' या सर्वांना खुल्या शोधपेटीत 'इंडिया' आणि 'एजिंग' टाकून पाहा आणि त्या भारतीय संस्थेलाच लिहा.

मे २०२५ मध्ये एनआयएचनं परदेशी संस्थांना मूळ अनुदानाच्या पोटात उप-अनुदान देण्याची जुनी पद्धत बंद करून नवी रचना आणत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे त्याआधीची कुठलीही माहिती, अगदी तुमच्या सरांनी सांगितलेलीसुद्धा, जशीच्या तशी धरू नका. सध्याची जाहिरात स्वतः उघडून वाचा.

तिसरी वाट म्हणजे भारतात राहून, परदेशी सहकाऱ्यांच्या साथीनं शिकणं. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी) आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांची इंडिया अलायन्स ही संशोधनाला पैसा देणारी संस्था २००८ पासून आहे. क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्य संशोधनासाठी तिच्या स्वतंत्र फेलोशिप आहेत. घरी म्हातारे आईवडील किंवा लहान मुलं असतील, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी दोन्ही असतात, तर ही वाट दुय्यम समजू नका. माझ्या पाहण्यातलं काही उत्तम काम याच वाटेनं झालेलं आहे.

४. मार्गदर्शकाला पत्र कसं लिहावं

दोन मार्गदर्शक लागतात, एक इथला, एक तिकडचा. इथला आधी पक्का करा. तो तुमच्याच महाविद्यालयातला असावा असं नाही. कराडचं कृष्णा विश्व विद्यापीठ, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सांगलीचं भारती विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय, साताऱ्याचं नवं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथल्या कम्युनिटी मेडिसिन विभागांत वार्धक्यावर कुणी लिहिलंय का ते शोधा. मिरजेला परदेशी सहकार्य नवं नाही. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन रुग्णालय सुरू केलं आणि पुढे तिथेच स्थानिक तरुणांना वैद्यकीचं शिक्षण दिलं.

तिकडच्या प्राध्यापकांना पाठवायचा ईमेल दोनशे शब्दांत बसवा. पहिल्या दोन वाक्यांत तुम्ही कोण आणि कुठे काम करता. मग त्यांच्या एका लेखातली एक नेमकी गोष्ट, जी तुमच्या प्रश्नाला भिडते. मग तुमचा प्रश्न आणि लासीवरून काढलेला एक आकडा. शेवटी एकच मागणी: वीस मिनिटं ऑनलाइन बोलता येईल का? एक पानाची टिपण आणि सीव्ही सोबत जोडा. "आदरणीय महोदय, मला आपल्या नामांकित विद्यापीठात संधी द्यावी" या धाटणीचं पत्र वाचलं जात नाही. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवलेलाही लगेच ओळखू येतो.

दोन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण करा, मग दुसऱ्या नावाकडे वळा. बोस्टनची वेळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागं असते, म्हणून संध्याकाळी सात-साडेसातची वेळ सुचवा. घरची वीज जायची शक्यता असेल तर मोबाईलचं इंटरनेट तयार ठेवा.

इथेच एक इशारा. 'जागतिक वृद्धत्व परिषदेत मानद वक्ता' अशी आमंत्रणं येतील आणि नोंदणीसाठी डॉलरमध्ये पैसे मागितले जातील. काही एजंट "फेलोशिप हमखास" म्हणून आगाऊ रक्कम घेतात. निवड करून देण्यासाठी कुठलीही खरी फेलोशिप पैसे मागत नाही.

५. भारतातल्या परवानग्या: सगळ्यात जास्त वेळ इथे जातो

तुम्ही फक्त शिकायला जाणार असाल तर ही पायरी हलकी आहे. पण त्या प्रशिक्षणाचा भाग म्हणून इथल्या लोकांची माहिती गोळा होणार असेल आणि परदेशी पैसा किंवा परदेशी संशोधक त्यात असेल, तर पुढचं सगळं लागू होतं.

नैतिकता समिती. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार आरोग्य संशोधन पाहणाऱ्या समितीची नोंदणी आरोग्य संशोधन विभागाकडे असावी लागते. ती 'नैतिक' पोर्टलवर होते. आपल्या महाविद्यालयाच्या समितीची नोंदणी कोणत्या प्रकारची आहे आणि मुदत कधी संपते हे सदस्य-सचिवांना आधीच विचारा. औषध चाचण्यांसाठीची नोंदणी आणि ही नोंदणी वेगवेगळ्या आहेत. मुदत संपलेल्या समितीची मंजुरी पुढे कुणीही मान्य करत नाही. तुमच्या संस्थेत समिती नसेल तर जवळच्या नोंदणीकृत समितीकडे जाता येतं, त्यासाठी दोन्ही संस्थांमध्ये लेखी समजुतीचा करार लागतो.

एचएमएससी. परदेशी सहकार्यानं होणाऱ्या आरोग्य संशोधनाला केंद्र सरकारच्या हेल्थ मिनिस्ट्रीज स्क्रीनिंग कमिटीची मान्यता लागते. अर्ज आयसीएमआरमार्फत ऑनलाइन जातो. मूळ प्रस्ताव, नैतिकता समितीची मंजुरी, दोन्हीकडच्या संशोधकांचे सीव्ही, निधीचं पत्र, अंदाजपत्रक, करार, आणि रक्ताचे नमुने किंवा डेटा बाहेर जाणार असेल तर त्याचं कारण, हे सगळं त्यात येतं. "तपासणी इथे होत नाही" एवढं कारण पुरत नाही. इथल्या प्रयोगशाळेत का होणार नाही आणि नमुन्यांचं शेवटी काय होणार, ते स्पष्ट लिहा. काही महिने धरूनच चाला. अनुदानाची तारीख आणि ही मान्यता यांची गाठ पडली नाही तर तिकडचा पैसा तसाच पडून राहतो.

अमेरिकन सरकारी पैसा असेल तर संस्थेकडे 'एफडब्ल्यूए' हे मानवी सहभागींच्या संरक्षणाचं हमीपत्र लागतं. सॅम डॉट गव्ह या संकेतस्थळावरच्या नोंदणीतून मिळणारा 'यूईआय' क्रमांकही लागतो. एप्रिल २०२२ पासून त्यानं जुन्या 'डन्स' क्रमांकाची जागा घेतली. नोंदणी मोफत आहे, "नूतनीकरणासाठी पैसे भरा" असे ईमेल आले तर भरू नका. संस्थेचं नाव आणि पत्ता सगळीकडे अक्षरशः एकसारखा ठेवा. एका कागदावर "पंढरपूर रोड, मिरज" आणि दुसऱ्यावर "ता. मिरज, जि. सांगली" असं झालं तरी अर्ज अडतो.

प्रशिक्षणात काही उपचार किंवा व्यायामाचा प्रयोग करून पाहणार असाल तर पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत, नोंदणी करा. एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही.

६. पैसा कुणाच्या खात्यात येणार?

व्यक्तीला मिळणारी शिष्यवृत्ती किंवा विद्यावेतन विदेशी अंशदान कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये, वेगळं धरलेलं आहे. ट्रस्टला किंवा संस्थेला प्रकल्पासाठी पैसा येणार असेल तर मात्र एफसीआरए नोंदणी किंवा त्या रकमेसाठी पूर्वपरवानगी हवीच.

२०२० च्या दुरुस्तीनंतर तीन गोष्टी बदलल्या. पैसा आधी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आणि मिळालेला विदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. ही तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. कराडच्या संस्थेनं पैसा घ्यायचा आणि जतमधल्या छोट्या संस्थेनं त्यातून गावपातळीवरचं काम करायचं, अशी जुनी मांडणी आता चालत नाही. जतच्या लोकांना कराडच्या संस्थेनं स्वतः नेमावं लागेल. शासकीय महाविद्यालयांची स्थिती निराळी असते. तिथे अधिष्ठाता कार्यालय आणि लेखा विभाग यांच्याकडून लेखी उत्तर घ्या, तोंडी "होईल" वर पुढे जाऊ नका.

७. प्रश्नावली आणि चाचण्या इथल्या माणसाला बसवा

परदेशी भागीदाराला तुमची खरी गरज इथे असते. हे काम तुम्ही चोख केलंत तर प्रकल्पात तुमची जागा कुणी घेऊ शकत नाही.

वयापासून सुरुवात करा. आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून असते आणि आधारवर १ जानेवारी. साठीचा की पासष्टीचा, हे तिथून कळत नाही. म्हणून घटनांची यादी तयार करा. पत्री सरकारच्या वेळी घरात काय चाललं होतं ते आठवतं का? गांधीहत्येनंतरची १९४८ ची जाळपोळ? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा अंगावर पीत होतात, शाळेत जात होतात, की लग्न होऊन सासरी आला होतात? बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला होतात का? भूकंप आणि दुष्काळ या दोन खुणांवर साताऱ्यातल्या बहुतेकांचं वय दोन-तीन वर्षांच्या फरकानं बसतं. ही यादी प्रत्येक तालुक्यासाठी वेगळी करा आणि प्रशिक्षणाच्या प्रस्तावाला जोडा.

मग स्मरणशक्तीच्या चाचण्या. एमएमएसई ही प्रसिद्ध चाचणी शिकलेल्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून बनवलेली आहे. तिच्यात वाचून कृती करायची असते, वाक्य लिहायचं असतं. आयुष्यभर शेतात राबलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली आजी तिच्यात नापास होईल, आणि स्मृतिभ्रंश नसताना तो आहे अशी नोंद होईल. पिट्सबर्ग विद्यापीठ आणि भारतीय संशोधकांनी हरियाणातल्या बल्लभगडला जो संयुक्त अभ्यास केला, त्यात याच अडचणीतून हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन तयार झालं. ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. निरक्षर माणसाची बुद्धी कशी तपासावी हे तो अभ्यास फार प्रामाणिकपणे शिकवतो, तो वाचल्याशिवाय प्रस्ताव लिहू नका. आणि हे लक्षात ठेवा की एमएमएसईवर प्रकाशकाचा हक्क आहे, वापराचे पैसे पडतात. 'मोका' चाचणीसाठी अधिकृत प्रशिक्षण घ्यावं लागतं. अंदाजपत्रकात दोन्हींची नोंद करा.

भाषांतर करताना एकानं मराठीत आणावं, दुसऱ्यानं मूळ न पाहता उलट इंग्रजीत न्यावं आणि दोन्ही ताडून पाहावं. पुस्तकी मराठी टाळा. "आपणास दैनंदिन क्रिया करताना अडचण येते का?" याऐवजी "अंघोळ, संडास, कपडे घालणं तुमचं तुम्हाला जमतंय का?" असं विचारा. जतच्या पूर्वेकडच्या गावांत घरातली भाषा कन्नड आहे. तिथे मराठी संमतिपत्र वाचून दाखवणं म्हणजे संमती घेणं नव्हे. कन्नड प्रत आणि कन्नड बोलणारी मुलाखतकार हवी. अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदाराची सही घ्या. मुलगा किंवा सून हा निःपक्ष साक्षीदार नाही.

वेळापत्रकही इथलं हवं. ऊसतोडीच्या हंगामात आणि तासगावकडे द्राक्षं काढणीला आली की घरात फक्त म्हातारी माणसं सापडतात. काही प्रश्नांसाठी हे चांगलं, काहींसाठी वाईट. आषाढात माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण करत जाते, तेव्हा ठणठणीत म्हातारे वारीला गेलेले असतात आणि घरी आजारीच उरतात. त्या पंधरवड्यात पाहणी केली तर गावाचं आरोग्य आहे त्यापेक्षा वाईट दिसेल. हे तिकडच्या संख्याशास्त्रज्ञाला सुचणार नाही, तुम्हीच सांगायचं.

८. करारात काय असावं

सही करण्याआधी एवढं वाचून घ्या: डेटा कुठे राहील आणि भारतीय संस्थेला कायम वापरता येईल का, पहिलं नाव कुणाचं असेल आणि ते कधी ठरेल, यंत्रं प्रकल्पानंतर कुणाची, सहभागीला इजा झाली तर खर्च कुणाचा, प्रशिक्षण एकाला की दरवर्षी नव्या लोकांना. पहिल्या नावाचा विषय काढायला आपल्याकडे संकोच वाटतो. काढा. चांगले भागीदार तो स्वतःहून काढतात. वैयक्तिक माहितीबाबत २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही लक्षात घ्या. नाव, मोबाईल, आधार असलेली फाईल वेगळी आणि कुलपात, विश्लेषणाची फाईल सांकेतिक क्रमांकांची.

९. कागदपत्रं आणि प्रवास

जमवून ठेवायचे कागद:

- पासपोर्ट, मुदत पुरेशी शिल्लक असलेला
- दहावीपासूनची प्रमाणपत्रं. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे किंवा शिवाजी विद्यापीठाचे मोहोरबंद ट्रान्स्क्रिप्ट
- लागू असेल तर वैद्यकीय किंवा नर्सिंग कौन्सिलची नोंदणी
- नोकरीच्या ठिकाणचा नाहरकत दाखला आणि रजामंजुरी
- एक पानाचा प्रश्न, सीव्ही, दोन-तीन शिफारसपत्रं
- संशोधन नैतिकतेचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र
- निधीचं पत्र, यजमान विद्यापीठाचं पत्र
- विम्याचा तपशील

नावाची भानगड आधी मिटवा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येतं, पासपोर्टवर शेवटी. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या पदव्या एका नावानं आणि पासपोर्ट दुसऱ्या नावानं असतो. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद हाताशी ठेवा. ट्रान्स्क्रिप्टलाही वेळ लागतो, जाहिरात येण्याची वाट पाहू नका.

अमेरिकेसाठी साधारण 'जे-१', म्हणजे देवाणघेवाण कार्यक्रमातल्या पाहुण्यांचा, व्हिसा असतो. यजमान विद्यापीठ 'डीएस-२०१९' हे पात्रतेचं प्रमाणपत्र पाठवतं, मग सेव्हिस या अमेरिकन सरकारी नोंदीचं शुल्क, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म आणि मुंबईत मुलाखत. बोटांचे ठसे आणि मुलाखत बहुधा वेगवेगळ्या दिवशी असतात. रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं जाऊन त्याच दिवशी परतायचं ठरवू नका, मुंबईत मुक्कामाची सोय पाहा. सरकारी पैशातून 'जे-१'वर गेलात तर परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागू शकते. डीएस-२०१९ वर तसा उल्लेख आहे का ते पाहा. संशोधनासाठीच्या या व्हिसावर रुग्ण तपासायची मुभा नसते, डॉक्टरांनी हे आधीच समजून घ्यावं. ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर ठरवून दिलेल्या केंद्रातून क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला लागतो.

१०. परतल्यावर

संस्थेला विदेशी पैसा मिळाला असेल तर एफसी-४ हे वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत जातं की नाही याकडे स्वतः लक्ष द्या, लेखापालावर सोडू नका. तिकडे शिकलेलं पहिल्या वर्षातच दोघा-तिघांना शिकवा. त्यातली एक व्यक्ती तरी प्रत्यक्ष गावात फिरणारी असू द्या. चांगल्या मुलाखतकार बऱ्याचदा आशाताईंमधूनच तयार होतात.

लेख छापून येण्याआधी किंवा निदान त्याबरोबर गावाला निष्कर्ष सांगा. कुणा एकाच्या घरची गोष्ट ओळखू येणार नाही अशा रीतीनं, एका पानात, मोठ्या अक्षरांत. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ग्रामसभा होतात. निदान महिनाभर आधी ग्रामपंचायतीला पत्र देऊन विषय अजेंड्यावर घ्यायला सांगा आणि पत्राची पोच घ्या. ऐकायला कमी येणाऱ्यांसाठी ध्वनिक्षेपक मागून घ्या, आणि ज्यांना चावडीपर्यंत येता येत नाही त्यांच्या घरी ते पान आशाताईंकडून वाचून दाखवायची व्यवस्था करा.